वडील डायलिसिसवर आहेत, अंगात पाणी नाही, तरी धाप लागते: श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील साठीच्या पुढचे, आठवड्यातून तीनदा चार-चार तास हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळून घेणं. हल्ली एक जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, बोलताना वाक्य तुटतं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे, हृदयाचा इको आणि हिमोग्लोबिन पाहिलं. पाणी साठलेलं नाही, रक्तही बऱ्यापैकी आहे. युनिटमधल्या फिजिओथेरपिस्टनी श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम सुचवला. त्याने खरंच फरक पडतो का, त्यात धोका काय, आणि घरात असलेलं तीन चेंडूंचं यंत्र चालेल का, एवढं तुम्हाला विचारायचं आहे.

फरक पडतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डायलिसिसच्या रुग्णांकडून हा व्यायाम बरीच वर्षं करून घेते आहे. पाणी, रक्त आणि हृदय तपासून झाल्यावरही ज्यांची धाप उरते, त्यांना मी तो आवर्जून सांगते. अट एकच: भार मोजून द्यायचा. रिकामा हात वरखाली केल्याने जसे दंड भरत नाहीत, तसं नुसत्या खोल श्वासांनी श्वासाचे स्नायू बळकट होत नाहीत. श्वास आत ओढताना ठरावीक अडथळा लागतो, आणि तो किती हे त्या माणसाची ताकद मोजूनच ठरवावं लागतं.

आधी हे स्नायू दुबळे का होतात ते पाहू. श्वास आत घेण्याचं बहुतेक काम छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल करतं. बरगड्यांमधले स्नायू त्याला साथ देतात आणि दम लागला की मानेचे स्नायूही ओढीला येतात. हे सगळे हातापायांसारखेच स्नायू आहेत. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात आम्ल वाढतं आणि त्या आम्लतेने स्नायूंमधली प्रथिनं झिजू लागतात. ड जीवनसत्त्व कमी पडतं, पॅराथायरॉइडचं संप्रेरक वाढतं, शरीरात सौम्य सूज सतत धुमसत राहते, रक्त कमी असतं. प्रत्येक डायलिसिसमध्ये कचऱ्याबरोबर काही ग्रॅम अमिनो आम्लंही वाहून जातात. मधुमेह असेल तर नसांवरही परिणाम झालेला असतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बसून राहणं: आठवड्यातले तीन दिवस खुर्चीत किंवा पलंगावर, आणि मधल्या दिवशी थकवा. मांड्या बारीक झालेल्या घरच्यांना दिसतात. श्वासपटल आत असतं, त्याचा दुबळेपणा कोणाच्या नजरेला पडत नाही.

फॉस्फरसचा मुद्दा इथेच सांगते, कारण तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डायलिसिसच्या रुग्णाला फॉस्फरस वाढण्याचीच धास्ती असते आणि ती रास्त आहे. पण जेवण फारच कमी झालेल्या माणसात तो खूप खालीही जातो, आणि फॉस्फरस खूप कमी झाला तर श्वासपटलाचं आकुंचन क्षीण होतं. वडिलांचं जेवण तुटलं असेल तर हा आकडा डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

आता धाप आणि पाय यांचा संबंध. चालताना किंवा चढताना श्वासाचे स्नायू दमले की शरीर आपोआप एक निर्णय घेतं: हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे रक्त आधी श्वासाच्या स्नायूंना मिळावं. पायांना रक्त कमी पडतं, ते जड होतात, भरून येतात. त्यामुळे 'माझे पायच चालत नाहीत' असं म्हणणाऱ्या रुग्णाचं मूळ दुखणं कधीकधी छातीत असतं. श्वासाचे स्नायू काटक झाले की ही वेळ उशिरा येते. डायलिसिसच्या रुग्णांवर या व्यायामाचे जे अभ्यास झाले, त्यातले बरेच ब्राझीलमधले, त्यांत श्वास ओढण्याची ताकद वाढलेली दिसते आणि अनेकांत सहा मिनिटांत चालून जाण्याचं अंतरही. अभ्यास छोटे आहेत, मोजक्या रुग्णांवरचे आहेत. त्यामुळे आयुष्य वाढतं किंवा दवाखान्याच्या वाऱ्या कमी होतात असं मी तुम्हाला सांगणार नाही. जिना, चालणं, बोलणं आणि रोजचा थकवा यांत सुधारणा होऊ शकते, असं मात्र ठामपणे सांगते. ज्यांची ताकद सुरुवातीला कमी असते त्यांना सहसा जास्त फायदा होतो.

पण व्यायामाला हात घालण्याआधी एक गोष्ट मनात घट्ट बसवा. डायलिसिसच्या रुग्णाला नव्याने धाप लागली तर पहिला संशय पाण्यावरच घ्यायचा. आडवं झाल्यावर दम कोंडतो, रात्री उठून बसावं लागतं, दोन डायलिसिसमधलं वजन नेहमीपेक्षा जास्त वाढलंय, पाय सुजलेत, अशा वेळी उपाय म्हणजे डायलिसिस आणि ड्राय वेटचा (जास्तीचं पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं त्याचा) फेरविचार. श्वासाचा व्यायाम तिथे काहीच करू शकत नाही, उलट अमूल्य वेळ जातो. ड्राय वेटबद्दल आणखी एक: जेवण कमी होऊन माणूस आतून बारीक होतो, काट्यावरचं वजन मात्र तेवढंच राहतं, कारण मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. सहा महिन्यांपूर्वी ठरवलेलं ड्राय वेट आज बरोबर असेलच असं नाही. फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साठलेलं पाणी, न्यूमोनिया, क्षयरोग, हृदयाची पंपाची ताकद घटणं, फिस्टुलातून (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेल्या मार्गातून) गरजेपेक्षा फार जास्त रक्त वाहणं, ही कारणंही डॉक्टरांनी बाजूला केलेली हवीत. आणि डायलिसिस चुकल्यानंतर अचानक हातापायांतली ताकद गेली, छातीत धडधड झाली, तर ते रक्तात पोटॅशियम वाढल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही पायरी झालेली आहे, म्हणून पुढचं सांगते.

पहिलं काम ताकद मोजण्याचं. एका छोट्या उपकरणात माणसाने फुप्फुसं शक्य तितकी रिकामी करून पूर्ण जोराने श्वास आत ओढायचा. ओढ दीड-दोन सेकंद टिकली पाहिजे. जो दाब तयार होतो तो सेंटिमीटर पाण्यात, म्हणजे त्या ओढीने पाणी किती उंच चढेल यात, मोजतात. पहिल्या एकदोन प्रयत्नांत आकडा हमखास कमी येतो, कारण माणूस अजून शिकत असतो. म्हणून जवळजवळ सारखे आकडे येईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेऊन त्यातला सर्वांत चांगला धरतात. आकडा ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर त्रासदायक दुबळेपणा सहसा नसतो. अशा माणसाची धाप दुसऱ्या कारणाने असण्याची शक्यता जास्त, आणि त्याच्या मागे मी हे यंत्र लावत नाही. डायलिसिसच्या आधी आणि नंतर हा आकडा बदलू शकतो, म्हणून दर वेळी एकाच वेळेला, शक्यतो मशीन लावण्याआधी मोजावा. नाहीतर सुधारणा झाली की फक्त पाणी निघालं, हे कळत नाही.

यंत्राबद्दल. या व्यायामाचं यंत्र हातात मावणारी एक नळी असते, तिच्यात स्प्रिंगने दाबलेली झडप असते. तुम्ही ठरवलेल्या दाबाइतकी ओढ लागली तरच झडप उघडते आणि हवा आत येते. श्वास सोडताना अडथळा नसतो. श्वास सावकाश घेतला काय किंवा जोरात घेतला काय, भार तेवढाच राहतो, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. तुमच्या घरी असलेलं तीन चेंडूंचं यंत्र वेगळ्या कामाचं आहे. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचे कोपरे उघडे राहावेत, माणसाने खोल श्वास घ्यावा, यासाठी ते असतं. त्यात हवेच्या वेगाने चेंडू वर जातात, मोजलेला भार मिळत नाही. श्वास हळू घेतला की अडथळा जवळपास नाहीसाच होतो. ते वापरून अपाय होणार नाही, पण ताकद वाढवण्यासाठी त्यावर विसंबू नका. झपाट्याने श्वास बाहेर फेकण्याचे किंवा तो लांब वेळ रोखून धरण्याचे प्रकार तर डायलिसिसवरच्या, विशेषतः रक्तदाब आणि डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने करूच नयेत.

भार ठरवण्याचं गणित सोपं आहे. समजा वडिलांची ताकद ५० सेंटिमीटर आली. सुरुवात तिच्या ३० टक्क्यांनी, म्हणजे १५ सेंटिमीटरवर. पहिला आठवडा मी १०-१० श्वासांच्या तीन फेऱ्या देते, दोन फेऱ्यांमध्ये किमान मिनिटभर विश्रांती. ते अंगवळणी पडलं की १५-१५ श्वासांच्या तीन फेऱ्या. मग भार हळूहळू वाढवत काही आठवड्यांत ५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे या उदाहरणात २५ सेंटिमीटरपर्यंत न्यायचा. कधी वाढवायचा हे माणसाला विचारून ठरतं. शून्य म्हणजे अजिबात कष्ट नाहीत आणि दहा म्हणजे यापुढे शक्यच नाही, अशा मोजपट्टीवर शेवटच्या फेरीनंतर चार-पाच यायला हवेत. तीन किंवा त्याहून कमी आलं तर दोन सेंटिमीटर वाढवा. सात-आठ आलं तर मागे या. दर दोन आठवड्यांनी ताकद पुन्हा मोजून टक्केवारी नव्या आकड्यावर काढायची. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि महिनाभर त्याच भारावर राहून 'फरक पडत नाही' म्हणतात. ताकद वाढली आणि भार तोच राहिला, तर स्नायूला नवं काही करायला उरतच नाही.

पद्धतीत तीन गोष्टी बघा. पाठ टेकून ताठ बसणं किंवा पलंगाचं डोकं चांगलं उंच करणं. नाकाला क्लिप आणि ओठ नळीभोवती घट्ट. आणि श्वास घेताना एक हात पोटावर ठेवून पोट पुढे येतंय ना हे पाहणं. खांदे कानांकडे चढत असतील तर मानेचे स्नायूच काम करताहेत, भार कमी करा. श्वास जोरकस आत, मग सावकाश, घाई न करता बाहेर.

घाई न करण्याला डायलिसिसमध्ये खास कारण आहे. मशीनच्या द्रावातून रक्तात बायकार्बोनेट जातं, त्यामुळे डायलिसिस पुढे सरकेल तसं रक्त आम्लाकडून अल्कलीकडे झुकतं. त्यातच माणूस भराभर खोल श्वास घेऊ लागला तर कार्बन डायऑक्साइडही उतरतो आणि रक्त आणखी अल्कली होतं. मग ओठांभोवती, बोटांत मुंग्या, डोकं हलकं, कधी बोटं वाकडी होणं. घरचे घाबरतात. थांबून दोन-तीन मिनिटं साधा श्वास घेतला की हे ओसरतं. पुढच्या वेळी श्वासांमधलं अंतर वाढवा.

मशीनवर असताना करायचा की घरी? दोन्ही चालतं, आणि मला मशीनवर सुरुवात करणं जास्त पसंत आहे. तो वेळ असाही रिकामा जातो, रक्तदाब मोजला जात असतो, सिस्टर आणि टेक्निशियन जवळ असतात, आणि नियम सुटत नाही. मात्र पहिल्या दोन तासांतच करा. पुढे पाणी बरंच निघालेलं असतं, रक्तदाब पडण्याची आणि पायात गोळे येण्याची शक्यता वाढते. डायलिसिसच्या मध्ये काही खाल्लं तर रक्त पोटाकडे वळून रक्तदाब आणखी उतरतो, म्हणून खाण्याआधीच उरका. फिस्टुलाचा हात स्थिर ठेवून यंत्र दुसऱ्या हाताने धरायचं. युनिट परवानगी देत नसेल तर डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळी, पोट रिकामं असताना घरी करा. आठवड्यातले तीन दिवस ही किमान मर्यादा, पाच दिवस झाले तर उत्तम.

मानेत किंवा छातीत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी, असेल तर पुढचं वाक्य दोनदा वाचा. कॅथेटर जोडताना किंवा सोडवताना, म्हणजे त्याचं तोंड उघडं असू शकतं त्या काही मिनिटांत, हा व्यायाम किंवा कोणताही मुद्दाम खोल श्वास घ्यायचा नाही. जोराने श्वास ओढला की छातीत उणा दाब तयार होतो आणि उघड्या नळीतून हवा रक्तात खेचली जाऊ शकते. ते जिवावर बेतू शकतं. नळ्या जोडून, क्लॅम्प तपासून, मशीन नीट सुरू झाल्यावर आणि सिस्टरने होकार दिल्यावरच यंत्र तोंडाला लावा. कॅथेटर नुकताच बसवला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत थांबा.

पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांनीही अनेकदा विचारलं आहे. त्यांच्या पोटात दोन लिटरच्या आसपास द्राव असतो, तो श्वासपटलाला वर ढकलतो, आणि जोराने श्वास घेतला की पोटातला दाब वाढतो. त्यांनी द्राव काढून टाकल्यावर, पोट रिकामं असताना करावा. हर्निया असेल किंवा कॅथेटरच्या जागेतून द्राव झिरपत असेल तर नाही.

कोणी करू नये हे सांगणं माझं कर्तव्य आहे. पूर्वी फुप्फुसाभोवती आपोआप हवा साठून फुप्फुस मिटलं असेल, बरगडी नुकतीच मोडली असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, रक्तदाब आवाक्यात नसेल, कानाचा पडदा फाटला असेल, पोटाची, छातीची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर हा व्यायाम टाळायचा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर ताजा रक्तस्राव असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. डायलिसिसवर असलेल्यांत मधुमेही बरेच असतात आणि हा प्रश्न त्यांना कोणी विचारतच नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्या दिवशी ताप असेल, वरचा रक्तदाब १८० च्या पुढे किंवा १०० च्या खाली असेल, तर सुट्टी. व्यायाम चालू असताना छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटला, नाडी अनियमित वाटली किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, तर लगेच थांबून सांगायचं. चांगल्या रुग्णांची एक सवय मला काळजीत टाकते: ते 'एवढी फेरी पूर्ण करतो' म्हणत त्रास दाबून ठेवतात. वडिलांना आधीच बजावून ठेवा.

छोटी पण रोजची अडचण म्हणजे कोरडं तोंड. पंधरा-वीस मिनिटं तोंडाने श्वास घेतला की घसा सुकतो आणि माणूस ग्लासभर पाणी पिऊन टाकतो. दिवसाचं पाणी मोजून पिणाऱ्याला हे परवडत नाही. चूळ भरून टाकावी, ओठ ओले करावेत, फेऱ्यांमधल्या विश्रांतीत नाकाने श्वास घ्यावा. यंत्र रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ते दुसऱ्या कोणाबरोबर वाटून वापरायचं नाही, शेजारच्या पलंगावरच्या मित्राबरोबर तर नाहीच.

श्वासाच्या व्यायामावर सगळी आशा ठेवू नका, हेही सांगायला हवं. जिना पायांनी चढायचा असतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा उचलणं, रोज थोडं चालणं, किंवा डायलिसिस चालू असताना पलंगावर पायाने चालवायची सायकल, यातलं जे जमेल ते बरोबर हवं. आणि खाणं. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम. डायलिसिसच्या आधीच्या काळात प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात आणि अनेक घरांत तेच पथ्य पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं. आहारतज्ज्ञांशी बोलून वडिलांचं पथ्य आजच्या घडीचं आहे ना, ते बघा. कच्चा माल नसेल तर भाराने स्नायू बांधला जाणार नाही.

फरक कधी दिसेल? ताकदीचा आकडा तीन-चार आठवड्यांत हलू लागतो. रोजच्या हालचालीत जाणवायला आठ ते बारा आठवडे धरा. सुरुवातीच्या दिवशी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: जिना चढताना कितव्या पायरीवर थांबले, सहा मिनिटांत सपाट जागेवर किती चालले, आणि एका श्वासात सावकाश कितीपर्यंत अंक मोजता आले. महिन्याने त्याच वेळी, डायलिसिसच्या त्याच वारी पुन्हा लिहा, कारण डायलिसिसच्या मोठ्या सुट्टीनंतरचा दिवस आणि आठवड्यातला मधला दिवस यांची तुलना होत नाही. बारा आठवड्यांत यातलं काहीच बदललं नाही आणि भार नीट वाढवत नेला होता, तर व्यायाम लांबवत बसू नका. डॉक्टरांकडे परत जाऊन धापेचा शोध पुन्हा सुरू करा.

सुधारणा झाल्यावर पूर्ण सोडला तर काही आठवड्यांत कमाई ओसरायला लागते. मिळवलेल्या भारावर आठवड्यातून दोन-तीन दिवस चालू ठेवलं तर बरीचशी टिकते. मध्ये छातीचा संसर्ग झाला किंवा दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर ताप जाऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पूर्वीच्या निम्म्या भाराने सुरुवात करा आणि ताकद नव्याने मोजून घ्या. जुना आकडा त्या दिवशी उपयोगाचा नसतो.